चारही मते एकालाच द्यायची असतील तर

२१ फेब्रुवारी २०१७ रोजी झालेल्या पुणे महानगरपालिकेच्या निवडणुकीत माझी नेमणूक मतदान अधिकारी म्हणून झाली होती. माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्यांना निवडणुकीचे काम नवे नसते. शाई लावणे, यादीत नाव शोधणे, मतदाराला यंत्राकडे पाठवणे हे सारे अंगवळणी पडलेले असते. त्या वर्षी मात्र काम नेहमीपेक्षा अवघड होते, कारण पुण्यात प्रथमच चार सदस्यांचा प्रभाग आला होता. अ जागेची मतपत्रिका पांढरी, ब जागेची फिकट गुलाबी, क जागेची फिकट पिवळी आणि ड जागेची फिकट निळी, अशा चार रंगांत उमेदवारांची नावे लावलेली होती. मतदाराने चारही जागांसाठी बटण दाबल्यावरच यंत्राचा शेवटचा लांब आवाज येई आणि तो आल्याशिवाय मतदान पूर्ण झाले असे धरता येत नसे.

दुपारी गर्दी ओसरल्यावर सत्तरी उलटलेल्या एक आजी आल्या. त्यांनी एक बटण दाबले आणि त्या सरळ दाराकडे निघाल्या. केंद्राध्यक्षांनी त्यांना थांबवले. मी म्हटले, "आजी, अजून तीन मतं राहिली आहेत." त्या म्हणाल्या, "अहो बाई, मला त्यातला एकच माणूस ठाऊक आहे. बाकीचे कोण कुठले मला काय माहीत? माझी चारही मतं त्यालाच घ्या की."

तसे चालत नाही, हे आम्ही त्यांना समजावून सांगितले. उरलेल्या तीन जागांसाठी कोणाला तरी निवडा, नाहीतर 'वरीलपैकी एकही नाही' हे बटण दाबा, असे सांगितल्यावर त्या परत आडोशामागे गेल्या. थोड्या वेळाने लांब आवाज आला. त्यांनी काय दाबले ते मला कळण्याचे कारण नव्हते आणि ते कळूही नये. परंतु "चारही मतं त्यालाच घ्या" हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. त्या क्षणी मला ते एका वृद्ध बाईंचे अजाण बोलणे वाटले होते. पुढे वाचन वाढले तेव्हा लक्षात आले की, आजींनी मागितलेली सोय जगावेगळी नव्हती. याच महाराष्ट्रात, मुंबई शहरात, ती एकेकाळी कायद्याने उपलब्ध होती आणि तिच्या असण्या-नसण्याने निकालात केवढा फरक पडतो, हेही याच शहराने पाहिले आहे.

सप्टेंबर १९३२ मधील पुणे कराराने दलितांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. यामुळे एक पेच निर्माण झाला. जागा राखीव असली तरी मतदार सगळेच असल्याने, ज्या समाजासाठी ती जागा आहे त्या समाजाला नको असलेला उमेदवारही बहुसंख्यांच्या मतांवर निवडून येऊ शकतो. मुंबई प्रांतात १९३७ च्या निवडणुकीत यावर एक उतारा होता. मतदारसंघ एकाहून अधिक जागांचे होते, जितक्या जागा तितकी मते प्रत्येकाला होती आणि ती सगळी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा होती. म्हणजे संख्येने थोडे असलेल्या लोकांनी आपली मते विखुरली नाहीत, तर त्यांचा स्वतःचा माणूस सभागृहात पोहोचू शकत असे. भायखळा-परळ भागातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फे याच पद्धतीने निवडून आले. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने नामवंत क्रिकेटपटू पी. बाळू यांना उभे केले होते. बाळू स्वतः दलित समाजातले आणि साऱ्या मुंबईचे लाडके खेळाडू, तरीही बाबासाहेबांनी त्यांना सुमारे दोन हजार मतांनी मागे टाकले. मताधिकार तेव्हा मर्यादित होता, हे विसरून चालणार नाही. पण ज्यांना मत होते त्यांना ते एकवटण्याचा अधिकारही होता.

पंधरा वर्षांनी, स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, बाबासाहेब मुंबई शहर उत्तर मतदारसंघातून लोकसभेला उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला मते दोन. पण आता नियम असा की दोन मते दोन वेगवेगळ्या उमेदवारांनाच द्यावी लागत आणि दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत पडल्या तर त्यांतली एक बाद होई. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली. १४,५६१ मतांनी बाबासाहेबांचा पराभव झाला. त्या मतदारसंघात ७४ हजारांहून अधिक मते बाद ठरली होती. मते मुद्दाम वाया घालवण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार करत बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी उमेदवार अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका केली, पण ती टिकली नाही. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हीच जोडी पुन्हा दोन जागांच्या मतदारसंघात उभी राहिली. अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब पडले.

१९३७ चा विजय आणि १९५२ चा पराभव यांत फक्त मतपद्धतीचा फरक होता, असे मी म्हणणार नाही. काँग्रेसची लाट होती, मताधिकार सार्वत्रिक झाला होता, पक्षांची गणिते बदलली होती. तरीही तेच शहर, तेच नेतृत्व आणि पाठीशी तोच निष्ठावंत मतदार असताना त्या मतदाराच्या हातातले हत्यार नियमाच्या एका ओळीने बोथट झाले, हे नाकारता येत नाही. पुढे १९६१ मध्ये दोन जागांचे मतदारसंघ कायद्याने रद्द झाले आणि लोकसभा-विधानसभेसाठी एक मतदारसंघ, एक जागा, सर्वाधिक मते ज्याला तो विजयी, हीच एक पद्धत उरली.

त्या पद्धतीतली तफावत आता सर्वांच्या परिचयाची आहे. गोव्यात २०१७ साली भाजपला सुमारे साडेबत्तीस टक्के मते आणि १३ जागा मिळाल्या, तर काँग्रेसला त्याहून चार टक्के कमी मते असूनही १७ जागा मिळाल्या. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शरद पवारांच्या राष्ट्रवादीला ११.२८ टक्के मते आणि १० जागा, तर अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ९.०१ टक्के मते आणि ४१ जागा मिळाल्या. पहिल्या पक्षाने अधिक जागा लढवल्याने त्याची राज्यभरातली टक्केवारी फुगलेली दिसते, हे खरे आहे. पण तेवढ्याने चौपट फरकाचा उलगडा होत नाही. २०१९ च्या लोकसभेत वंचित बहुजन आघाडीला राज्यात सुमारे सात टक्के मते पडली आणि तिच्या स्वतःच्या चिन्हावर एकही खासदार झाला नाही. त्या लाखो मतदारांच्या वाट्याला पुढची पाच वर्षे प्रतिनिधी नाही, पण "तुम्ही मतविभागणी केलीत" हा ठपका मात्र आला. माझ्या मते हा या पद्धतीचा सर्वांत मोठा अन्याय आहे. ज्याला आपला प्रतिनिधी मिळाला नाही, त्यालाच ती अपराधी ठरवते.

लोकसभेची पद्धत बदलायची तर तो फार मोठा विषय होईल. माझे म्हणणे त्याहून खूप जवळच्या गोष्टीबद्दल, आपल्या प्रभागाबद्दल आहे. आपल्याकडे एकाच मतदारसंघातून अनेक सदस्य निवडण्याची रचना शहरांमध्ये आधीच आलेली आहे. मुंबईत २२७ प्रभाग एकसदस्यीय आहेत. उरलेल्या महानगरपालिकांमध्ये मात्र २००२ साली तीन सदस्यांचे प्रभाग होते, २००७ ला एक, २०१२ ला दोन आणि २०१७ ला चार. मग पुन्हा एकसदस्यीय पद्धतीचा निर्णय झाला, २०२१ मध्ये तो बदलून तीन सदस्य ठरले, त्याची निवडणूक न होताच पुन्हा चार सदस्य ठरले, आणि रखडलेल्या निवडणुका अखेर जानेवारी २०२६ मध्ये चार सदस्यांच्या प्रभागांनुसार पार पडल्या. आकडा दर वेळी बदलला, पण मत कसे द्यायचे आणि कसे मोजायचे, या मूळ प्रश्नाला एकदाही हात लागला नाही.

जगात एका मतदारसंघातून अनेक सदस्य निवडतात ते बहुधा एका हेतूने, की तिथल्या लोकांमध्ये जितके विचारप्रवाह असतील त्यांतल्या प्रमुख प्रवाहांना त्यांच्या संख्येनुसार वाटा मिळावा. आपण मतदारसंघ चार जागांचा केला, पण अ, ब, क, ड अशा चार स्वतंत्र लढती ठेवल्या. प्रत्येक लढतीत सर्व मतदार मत देणार आणि प्रत्येकीत सर्वाधिक मतांचा उमेदवार विजयी होणार. परिणामी प्रभागातल्या सर्वांत मोठ्या गटाला एकाऐवजी चार जागा जिंकण्याची वाट मोकळी होते. म्हणूनच उमेदवार 'पॅनेल' करतात, पत्रके पॅनेलची वाटतात आणि कार्यकर्ते "पॅनेल टू पॅनेल मत द्या" असे बजावतात. पॅनेल फुटले तर चुरस होते आणि फुटले नाही तर चारही जागा एकाच पक्षाकडे जातात. २०१७ मध्ये नागपुरात १५१ पैकी १०८ जागा भाजपला, २९ काँग्रेसला आणि १० बहुजन समाज पक्षाला मिळाल्या. पिंपरी-चिंचवडमध्ये १२८ पैकी ७७ भाजपला आणि ३६ राष्ट्रवादीला मिळाल्या. या विजयी पक्षांना मते मिळाली नव्हती असे कोणी म्हणणार नाही. आज हा पक्ष आहे, उद्या दुसरा असेल. ज्याची लाट असेल त्याला ही रचना त्याच्या मतांहून मोठा करते आणि प्रभागातल्या तीस-पस्तीस टक्के लोकांना सभागृहात एकही माणूस नाही, अशी अवस्था सहज निर्माण करते.

चार जागांच्या मतदारसंघाचे दुसरे टोक पाहायचे असेल तर आयर्लंडकडे पाहावे लागेल, आणि तिथे पोहोचायला आपल्याला मालवणची वाट आहे. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मुंबईतून तिकडे गेलेले डॉक्टर. घराण्याचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. डिसेंबर २०१९ मध्ये लिओ वराडकर पंतप्रधानपदावर असताना त्या गावात आले होते आणि गावाने त्यांचे कौतुकाने स्वागत केले होते. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, ८ फेब्रुवारी २०२० रोजी, आयर्लंडमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. वराडकरांचा मतदारसंघ डब्लिन पश्चिम. जागा चार. पहिल्या पसंतीच्या मतांत शिन फेन पक्षाचे पॉल डोनली त्यांच्या पुढे गेले आणि वराडकर पाचव्या फेरीत निवडून आले. पंतप्रधानाला स्वतःच्या मतदारसंघात पहिला क्रमांक मिळाला नाही, ही त्या देशातही मोठी बातमी ठरली. मला मात्र त्या निकालाची पूर्ण यादी अधिक बोलकी वाटते. शिन फेनचे डोनली, फिने गेलचे वराडकर, फियाना फॉलचे जॅक चेंबर्स आणि ग्रीन पक्षाचे रॉडरिक ओगॉर्मन, असे चार जागांवर चार पक्षांचे चार प्रतिनिधी निवडून आले. डब्लिन पश्चिममधल्या बहुतेक मतदारांना आपण पसंती दिलेला एक तरी माणूस संसदेत बसलेला दिसला. आपल्या प्रभागाइतक्याच जागा असूनही निकाल इतका वेगळा लागला, कारण तिथे मोजण्याची रीत वेगळी आहे.

त्या रीतीला आपल्या कायद्याच्या भाषेत एकल संक्रमणीय मतपद्धती म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट नववीच्या मुलांना समजते, हे मी स्वतः करून पाहिले आहे. माझ्या वर्गात ५८ मुले होती आणि चार वर्गप्रतिनिधी निवडायचे होते. मुलांचे तीन गट मला दिसत होते. नव्या सोसायट्यांतून एकाच बसने येणारी २५, जुन्या गावठाणातली १९ आणि कालव्यापलीकडच्या वस्तीतली १४. पहिल्यांदा मी प्रत्येकाला चार नावे लिहायला सांगितली. चारही प्रतिनिधी बसमधले झाले, कारण २५ मुलांनी तीच चार नावे लिहिली होती. त्यात कोणी लबाडी केली नव्हती. मुले आपल्या ओळखीच्या मुलांना मते देणार, हे स्वाभाविकच आहे.

दुसऱ्या दिवशी मी सहा उमेदवारांची नावे फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकाला एकच चिठ्ठी देऊन नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम घालायला सांगितले. आता निवडून येण्यासाठी किती मते हवीत? जागा चार, त्यांत एक मिळवून पाच. ५८ ला पाचने भागले की ११ पूर्ण येतात, त्यांत एक मिळवला की १२. हा कोटा. बाराच का, तर बारा-बारा मते चौघांनी घेतली की दहाच उरतात आणि पाचवा कोणी बारा गाठूच शकत नाही. बसमधल्या एका मुलाला पहिल्या पसंतीची १७ मते पडली. तो निवडून आला आणि त्याची जास्तीची पाच मते वाया न जाता दुसऱ्या पसंतीच्या प्रमाणात पुढे सरकली. चार मते बसमधल्याच दुसऱ्या मुलीकडे गेली आणि तिची आठाची बारा झाली. एक मत गावठाणातल्या मुलीकडे गेले आणि तिची अकराची बारा झाली. चौथ्या जागेसाठी कोणाचाच कोटा पुरा होत नव्हता, म्हणून सर्वांत कमी, पाच मते असलेला वस्तीतला मुलगा बाद झाला. त्याच्या पाचही चिठ्ठ्यांवर दुसरी पसंती वस्तीतल्याच दुसऱ्या मुलाला होती. त्याची नऊ मते चौदा झाली आणि तो निवडून आला. बसचे दोन, गावठाणाची एक, वस्तीचा एक. वर्गाची रचना जशी होती तशी प्रतिनिधींची झाली. गावठाणातल्या मुलीचा कोटा बसमधल्या मुलांच्या दुसऱ्या पसंतीने पुरा झाला, हे मला विशेष वाटले. आदल्या दिवशीच्या पद्धतीत बसमधल्या मुलांनी तिचा विचार करण्याचे काही कारणच नव्हते.

मोजणीला दीड तास लागला. मधली सुटी आणि पुढचा मराठीचा तास त्यात गेला, ही गोष्ट मराठीच्या बाईंनी मला बरेच दिवस ऐकवली.

ही पद्धत सामान्य मतदाराला झेपणार नाही, असे ज्यांना वाटते त्यांना मी शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांची आठवण करून देईन. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात शिक्षकांच्या आणि सात पदवीधरांच्या आहेत. तिथे आम्ही यंत्रावर बटण दाबत नाही. लांबलचक मतपत्रिका हातात येते, सोबत आयोगाने दिलेले जांभळ्या शाईचे पेन येते आणि नावांपुढे आकडे लिहायचे असतात. १ लिहिणे आवश्यक, पुढचे आकडे ऐच्छिक. १ डिसेंबर २०२० रोजी पुणे शिक्षक मतदारसंघात मी असे मत दिले तेव्हा रांगेत माझ्यापुढे असलेल्या सहकारी शिक्षिका शेवटपर्यंत विचारत होत्या, "फक्त एकच आकडा घातला तर चालेल ना?" चालते, पण मग त्या मताचे पुढचे आयुष्य तिथेच संपते. त्याच दिवशी अमरावती शिक्षक मतदारसंघात मतदान झाले. तिथे कोणालाच पहिल्या फेरीत कोटा गाठता आला नाही, तळाचे उमेदवार एकामागून एक बाद होत गेले आणि अखेर किरण सरनाईक हे अपक्ष उमेदवार निवडून आले. मोठ्या पक्षाची शिदोरी नसलेला उमेदवार इतरांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर पुढे सरकत राहतो, हे एका जागेच्या मतदारसंघातही घडू शकते.

आमदार तर हीच पद्धत वर्षानुवर्षे वापरतात. जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत महाराष्ट्रातून सहा जागांसाठी सात उमेदवार होते. वैध मते २८४, प्रत्येक मताचे मूल्य १००. २८,४०० ला सातने भागून एक मिळवला की कोटा ४,०५८, म्हणजे साडेचाळीस मतांहून किंचित अधिक. भाजपचे पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना पहिल्या पसंतीची प्रत्येकी ४८ मते दिली गेली. तिसरे उमेदवार धनंजय महाडिक यांना २७ आणि शिवसेनेचे संजय पवार यांना ३३. तरीही गोयल आणि बोंडे यांची जास्तीची मते महाडिकांकडे वळली आणि २७ मतांवर असलेले महाडिक ३३ मतांवरच्या पवारांना मागे टाकून राज्यसभेत गेले. दशांशाच्या हिशेबापर्यंत सगळ्या पक्षांची तयारी होती. जी मोजणी पक्षांना इतकी बारकाईने कळते, ती मतदाराला कळणार नाही म्हणून त्याच्या हाती द्यायची नाही, हे मला पटत नाही.

येथे एका आक्षेपाचा गंभीरपणे विचार करावा लागतो, कारण तो खुद्द बाबासाहेबांचा आहे. जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेत मध्य प्रांत व वऱ्हाडातून आलेले सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी बहुसदस्यीय मतदारसंघ आणि मते एकवटण्याची मुभा असलेली प्रमाणशीर पद्धत, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत, सुचवणारी दुरुस्ती मांडली. १९३७ मध्ये त्याच मुभेसह निवडून आलेल्या बाबासाहेबांनी तिला विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, प्रमाणशीर पद्धतीला साक्षर मतदार लागतो, निदान आकडे ओळखण्याइतका तरी. तो देशात नाही. शिवाय तिच्यामुळे विधिमंडळात लहान लहान गट होऊन सरकार अस्थिर होईल. बाबासाहेबांचे म्हणणे त्या काळाला धरून होते. आकडे ओळखण्याची अट आज बाजारात, बसथांब्यावर आणि मोबाइलवर रोज पुरी होते. राहिला स्थैर्याचा मुद्दा. लोकसभेपुरता तो आजही वजनदार आहे आणि त्यावर मतभेद होऊ शकतात. महानगरपालिकेला मात्र तो लागूच पडत नाही. तिथे मंत्रिमंडळ नसते, बहुमत गेले म्हणून प्रशासन कोसळत नाही. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. पुण्यात मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे नगरसेवकच नव्हते आणि प्रशासकाच्या हाती सारा कारभार होता. नगरसेवकाचे मुख्य काम प्रश्न मांडण्याचे आणि हिशेब मागण्याचे आहे. त्या कामासाठी सभागृहात विविध आवाज असणे हाच लाभ आहे.

शिवाय प्रमाणाचे तत्त्व आपल्या महानगरपालिका कायद्याला परके नाही. स्थायी समितीवरचे १६ सदस्य पक्षांच्या तौलनिक संख्याबळानुसार नेमले जातात. म्हणजे सभागृहात शिरल्यावर प्रत्येक पक्षाला त्याच्या प्रमाणात वाटा मिळावा, हे कायदा मान्य करतो. मतदाराच्या बाबतीत, सभागृहाच्या दारावर, ते मान्य करायचे राहून गेले आहे.

आरक्षणाचा प्रश्न खरा अवघड आहे आणि तो मी टाळणार नाही. स्थानिक संस्थांमध्ये महिलांना पन्नास टक्के जागा, शिवाय अनुसूचित जाती, जमाती आणि मागासवर्गाच्या जागा, हे आपण मोठ्या कष्टाने मिळवले आहे. अ, ब, क, ड अशी विभागणी आहे म्हणून कोणती जागा कोणासाठी, हे स्वच्छ राहते. आयर्लंडच्या पद्धतीत अशी हमी नाही, आणि तिथल्या संसदेत महिलांचे प्रमाण आपल्या महानगरपालिकांच्या जवळपासही नाही. त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी उचलणे मला मान्य नाही. पण पसंतीक्रमाच्या मोजणीत राखीव जागा बसवता येतात. चारांपैकी दोन महिला हव्या असतील तर दोन पुरुष निवडून आल्यानंतर उरलेले पुरुष उमेदवार बाद धरायचे आणि त्यांची मते पुढच्या पसंतीकडे वळवायची. अनुसूचित जातीची एक जागा असेल तर त्या प्रवर्गातला शेवटचा उमेदवार बाद करायचा नाही. हिशेब वाढतो, पण तो यंत्राने करायचा हिशेब आहे. जिथे इतकेही नको असेल तिथे मते एकवटण्याची १९३७ ची साधी मुभा परत आणता येईल. तिच्यात पसंतीक्रम नाही, फेऱ्या नाहीत, फक्त चार मते कशी वाटायची ते मतदार ठरवतो. मात्र तिच्यासाठी अ, ब, क, ड अशा वेगळ्या लढती सोडून चारही जागांची मोजणी एकत्र करावी लागेल.

प्रभाग मोठा होतो, नगरसेवक भेटत नाही, चौघांपैकी जबाबदार कोण हे कळत नाही, ही तक्रारही योग्यच आहे. २०११ च्या जनगणनेतली पुण्याची ३१ लाखांवरची लोकसंख्या २०१७ मध्ये ४१ प्रभागांत विभागली गेली, म्हणजे एका प्रभागात सरासरी पाऊण लाख माणसे आली. पाणी आले नाही की चौघांचे फोन लावायचे आणि चौघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचे, हा अनुभव आमच्या गल्लीनेही घेतला आहे. चौघे एकाच पॅनेलचे असले की ही टोलवाटोलवी वाढते, कारण त्यांच्यात स्पर्धा नसते. चौघे वेगवेगळ्या गटांच्या पाठिंब्याने आलेले असतील तर प्रत्येकाला आपला कोटा राखायचा असतो. आयर्लंडमध्ये तर एकाच पक्षाचे दोन उमेदवारही मतदारसंघातल्या कामांसाठी एकमेकांशी चढाओढ करतात. हे प्रमाणाबाहेर जाते, आमदार-खासदार गल्लीतल्या कामांतच अडकतात, अशी टीका तिथेही होते. तरीही १९५९ आणि १९६८ मध्ये ही पद्धत बदलण्यासाठी तिथे सार्वमत घेण्यात आले, तेव्हा दोन्ही वेळा लोकांनी तीच ठेवली.

यासाठी संविधानात दुरुस्ती लागणार नाही. नगरपालिका आणि महानगरपालिकांच्या निवडणुकांविषयी कायदा करण्याचा अधिकार संविधानाने राज्य विधिमंडळाला दिला आहे, आणि प्रभागातील सदस्यांची संख्या एक, दोन, तीन, चार करताना विधिमंडळाने तो वीस-पंचवीस वर्षांत अनेकदा वापरला आहे. पुढची दुरुस्ती होईल तेव्हा सदस्य किती यासोबत मत कसे मोजायचे, हा प्रश्न चर्चेला यावा म्हणून मी माझ्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना आणि स्थानिक आमदारांना पत्र लिहिणार आहे. पत्रासोबत नववीच्या त्या ५८ चिठ्ठ्यांचा फेरीवार तक्ता जोडेन. चिठ्ठ्या एका पाकिटात माझ्या कपाटात अजून आहेत.